स्टेशन तर परतूरलाही आहे

"काय दाखवलं मग लेकराला? टेसन? टेसन तर परतूरला बी हाय की."

आमच्या दाजींचं हे वाक्य दिवाळीच्या सुट्टीनंतर घनसावंगीच्या स्टँडपासून बाजारापर्यंत फिरून माझ्याकडे परत आलं. दाढी करायला बसलो तर वस्तरा गालावर ठेवून कारागिरानं विचारलं, "मामा, भाचीला टेसन दाखवून आणलं म्हणं?" खताच्या दुकानात गेलो तर तिथंही तेच. वाक्य चांगलं आहे, हशा पिकतो, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं. तोंडी देऊन पाहिलं. पण तोंडी वादात दाजी माझ्यापेक्षा उजवे आहेत, आणि मधेच चहा आला की मुद्दा त्यांच्या बाजूनं मिटतो. म्हणून लेखी.

आरोप असा. नववीतल्या भाचीला घेऊन मी दोन दिवस मुंबईला गेलो आणि काहीच न दाखवता परत आलो. निघताना दाजींनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर अकरा ठिकाणं लिहून दिली होती: गेटवे, ताज, मत्स्यालय, राणीचा हार, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, हाजी अली, तारांगण, सिद्धिविनायक, सी लिंक, जुहू. त्यातलं आम्ही गेटवे पाहिलं. ताज शेजारीच उभा असल्यामुळे तोही दिसला, त्याला इलाज नव्हता. उरलेली नऊ राहिली. दाजींच्या हिशेबात हे अकरापैकी दोन गुण, म्हणजे नापास.

आधी त्या यादीबद्दल. ती दाजींच्या शाळेच्या सहलीतून आलेली आहे, तीस वर्षांपूर्वीच्या. तारापोरवाला मत्स्यालय बंद पडलंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सी लिंक २००९ चा, म्हणजे तो मागाहून घातलेला. तिथं पायी जाता येत नाही, दुचाकीही चालत नाही. गाडीत बसायचं, टोल भरायचा आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे. हे 'ठिकाण' कसं होतं ते दाजींनीच सांगावं. पण यादी जुनी आहे एवढंच माझं म्हणणं असतं, तर मी नवी करून गप्प बसलो असतो. माझं भांडण यादीशीच आहे. आपल्याकडे या प्रकाराला 'मुंबई दर्शन' म्हणतात आणि तो शब्द अगदी बरोबर बसतो. रांगेतून पुढे सरकायचं, समोर आलं की हात जोडायचे, मागचा ढकलतो म्हणून बाहेर पडायचं. देवाच्या बाबतीत ते पुरतं, कारण देव आपल्याला पाहतो अशी श्रद्धा असते. हँगिंग गार्डन आपल्याला पाहत नाही. आपणच पाहावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

आता वेळेचा हिशेब. परतूरला रात्री देवगिरी एक्स्प्रेस धरली की सकाळी मुंबई. दुसऱ्या दिवशी रात्री परतीची देवगिरी. मधला मुक्काम ठाण्याला मावसभावाकडे. जागेपणीचे तास एकोणतीस-तीस. त्यातून अंघोळ, जेवणं, ठाण्याची ये-जा, पाहुणचार आणि "थांबा, चहा टाकते" हे सगळं वजा केलं की हातात राहतात अठरा. अठराला अकरानं भागा. दर ठिकाणाला शंभर मिनिटंही येत नाहीत, आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणं त्यातच. गेटवेपासून जुहू रस्त्यानं पंचवीस किलोमीटरच्या आसपास. शनिवारी संध्याकाळी मुंबईत पंचवीस किलोमीटर म्हणजे काय, हे घनसावंगीत बसून कळत नाही. इथं तेवढ्यात माणूस अंबडला पोचून कचेरीतलं काम आटोपतो.

हा हिशेब मी केला नाही. तो भाचीनं वहीत केला. दाजींना सगळ्यात जास्त हेच खटकलंय. मुंबईला कोण चाललंय? मामा. पैसे कोणाचे? मामाचे. मग कुठं जायचं हे पोरगी ठरवणार? होय दाजी, पोरगीच ठरवणार. मी फक्त दोन अटी घातल्या होत्या: जिथं पायी जाता येईल तिथं पायी, आणि एका दिवशी शहराचा एकच तुकडा. बाकी वही तिची. पहिला हट्ट तिनं वंदे भारतचा केला. ती गाडी आता नांदेडहून सुटते, जालन्याला बसता येतं. पण ती मुंबईत टेकते दुपारी, म्हणजे शनिवार अर्धा गेला. मी काही बोललो नाही. वेळापत्रक तिनंच काढलं आणि स्वतःच्याच हट्टावर काट मारली. दुसरा हट्ट एलिफंटाचा. लाँचनं तासभर जायला, तासभर यायला, वर चढायला, आणि तेवढ्यासाठी एका दिवसाचा बहुतेक भाग. पुन्हा काट. पंधरा वर्षांच्या पोरीनं स्वतःच्या दोन इच्छा स्वतःच खोडल्या. हे तिला कुठल्या शिकवणीत शिकवतील?

शिकवणीचं निघालं म्हणून सांगतो. या वादात आणखी एक पक्ष आहे: "पुढच्या वर्षी दहावी, फिरवायचं काय? त्या पैशात क्लास लावला असता." या पक्षाला उत्तर देण्यात वेळ घालवत नाही. दहावी झाल्यावर हेच लोक अकरावीचं सांगतात.

पैशांचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि दाजींनी तो मांडला तेव्हा मी मान खाली घातली. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्यात काय झालं ते सांगायला नको. दाजींचं सोयाबीन पाण्यात उभं होतं, कपाशीची बोंडं काळी पडली. अशा वर्षी मुंबई? पण नीट पाहिलं तर हाच मुद्दा त्यांच्या यादीच्या मुळावर येतो. अकरा ठिकाणं म्हणजे टॅक्सी, नाहीतर दर्शनाची बस, प्रत्येक ठिकाणी काहीतरी खाणं, प्रत्येक ठिकाणी फोटोवाला. आमच्या शनिवारी सर्वांत मोठा खर्च वस्तुसंग्रहालयाच्या तिकिटांचा. बाकी पायपीट. लोकलचं कमीत कमी तिकीट पाच रुपये, बेस्टचं दहा. दाजींचा आवडता शब्द 'पैसे वसूल'. पण तो सावकाराचा शब्द आहे. पोरीला नेऊन वसुली करायची असेल तर अकरा काय, एकवीस ठिकाणंही कमीच पडतील.

बरं, मग पाहिलं काय? स्टेशन. दाजी, आता ऐका.

गाडीतून उतरून सामान क्लोकरूमला टाकलं आणि भाची म्हणाली, "आता बाहेर जाऊन मागं वळायचं." वळलो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं बांधकाम १८७८ मध्ये सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्सचा. २००४ मध्ये युनेस्कोनं ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. म्हणजे वेरूळ-अजिंठ्याच्या पंगतीला बसलेलं हे स्टेशन आहे, आणि त्यातून रोज लाखो माणसं वर न बघता धावतात. फाटकाच्या खांबांवर दोन जनावरं आहेत: एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. घुमटाच्या टोकावर प्रगतीची म्हणून उभी केलेली बाई. दगडावरचं नक्षीकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. हे शेवटचं ऐकल्यावर भाची थांबली. "विद्यार्थ्यांनी? म्हणजे किती वर्षांची पोरं?" मला नेमकं सांगता आलं नाही. तिला चित्रकलेची इंटरमिजिएट द्यायची आहे, त्यामुळे तिचा प्रश्न माझ्यापेक्षा खोल होता. तिथं आमचा तास गेला. दाजींच्या वेळापत्रकात या तासात गेटवे, ताज आणि मत्स्यालय उरकलं असतं. पैकी मत्स्यालय बंद.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्यानं हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांचं स्मारक तिनं पुस्तकात वाचलं होतं, पण प्रश्न पुस्तकाबाहेरचा विचारला: "मामा, आपण कधी आलो मुंबईत?" आपण म्हणजे मराठवाडा. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, मग हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. माझ्या आजोबांचं मोठं शहर हैदराबाद होतं. परतूरवरून जाणारा रूळ घातला तोही निजामाच्या राज्यात, आणि तो मीटरगेज असेतो मुंबईला जाणाऱ्याला मनमाडला गाडी बदलावी लागे. हे मी तिला चौकातल्या गर्दीत, टॅक्सीवाल्याच्या शिव्या खात सांगितलं. घरी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. तिच्या वयाचा मी असताना मीही ऐकलं नसतं.

मग ओव्हल मैदान. एका अंगाला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, गॉथिक. दुसऱ्या अंगाला गोलाकार गच्च्यांच्या आर्ट डेको इमारती. दोन्ही मिळून २०१८ पासून जागतिक वारसा. मधे क्रिकेट. एकाच मैदानावर इतके डाव चालू होते की एका संघाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या संघाच्या खेळपट्टीजवळ उभा होता आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. भाचीनं इमारती पाच मिनिटं पाहिल्या आणि चेंडू कोणाचा कुठं जातो याचा अंदाज बांधत अर्धा तास बसली. मी बसू दिलं.

वस्तुसंग्रहालयात तिचं मन रमलं, पण जिथं रमेल असं मला वाटलं होतं तिथं नाही. आणि समुद्र? मराठवाड्यातलं लेकरू पहिल्यांदा समुद्र पाहणार म्हणून मी गेटवेला तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिलो. तिनं पाहिला, म्हणाली, "वास येतो," आणि वडापाव मागितला. रील्समध्ये शंभरदा पाहिलेल्या समुद्रानं तिला नवं काही सांगितलं नाही. इथं मी दाजींना एक गुण देतो: राणीचा हार बघायला हवा होता. ओव्हलपासून दहा मिनिटांवर होता, सूर्यास्ताला तिथं समुद्र वेगळा दिसला असता. चूक वहीची नाही, माझी. माझे पाय दुखत होते.

आता दाजींचा दुसरा बाण: "आजकालची पोरं मोबाईलमध्ये तोंड खुपसून असतात, त्यांना काय दिसणार?" खुपसून होती खरी. एम-इंडिकेटर उघडून बसली होती. जलद गाडी कुठली, धीमी कुठली, डबा कुठं थांबणार, दादरला कुठल्या बाजूनं उतरायचं. रविवारी मेगाब्लॉक असतो हे ठाण्यात राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या लक्षात नव्हतं, घनसावंगीच्या पोरीनं शनिवारी रात्री त्याला आठवण करून दिली. तो मोबाईल हिसकावून घेऊन मी तिच्या हातात काय देणार होतो? लग्नपत्रिका?

तिसरा बाण सर्वांत जड, आणि तो दाजींचा एकट्याचा नाही, माझ्या बहिणीचाही आहे. "पोरीची जात. मुंबईत हात सोडायचा नाही." शनिवारी संध्याकाळी तिला चैत्यभूमीला जायचं होतं. सीएसएमटीहून दादर, जलद लोकल. ती बायकांच्या डब्यात, मी पुरुषांच्या, कारण त्या गर्दीत तिला माझ्या डब्यात घेणं हाच खरा धोका होता. निघण्याआधी तिनं नियम केला: चुकामूक झाली तर जो आधी उतरेल त्यानं जागा सोडायची नाही, दुसऱ्यानं परत यायचं. मी हसलो होतो. दादर आलं. ती उतरली. मी दाराकडे सरकतोय तोवर आत येणाऱ्यांच्या लोंढ्यानं मला पुन्हा मधोमध नेऊन ठेवलं आणि गाडीनं मला थेट कुर्ल्याला टाकलं. दादरचं तिकीट खिशात घेऊन कुर्ल्यापर्यंत गेलो, म्हणजे कायद्यानं फुकट्या. परत आलो तेव्हा ती इंडिकेटरखाली, पाठ खांबाला लावून, जिथं उतरली तिथंच उभी होती. शेजारी तिच्याच डब्यातली एक भाजीवाली बाई थांबलेली. "आला का तुझा मामा?" बाईनं विचारलं. त्या प्रश्नातला सूर मी विसरणार नाही. हरवलो होतो मी.

हे मी घरी लपवलं असतं तर चाललं असतं. सांगितलं, म्हणून दाजींना मुद्दा मिळाला: "बघा, म्हणलं नव्हतं?" पण दाजी, यातून सिद्ध काय होतं? मुंबईत पन्नाशीच्या मामाचा हात सोडू नये, एवढंच. घनसावंगी तालुक्यानं हा युक्तिवाद करावा हेच मला गमतीचं वाटतं. जांब इथून किती लांब? त्या गावातला बारा वर्षांचा मुलगा लग्नाच्या मांडवातून 'सावधान' ऐकून निघाला आणि थेट नाशिकला टाकळीपर्यंत पोचला, असं परंपरा सांगते, आणि आपण ते दरवर्षी कौतुकानं ऐकतो. यावर दाजी म्हणाले, "तो पोरगा होता." पटकन म्हणाले, आणि मग स्वतःच थोडे थांबले, कारण ओट्यावर भाची बसली होती. तिनं काही उत्तर दिलं नाही. वही उघडली फक्त.

रविवारचं थोडक्यात. एलिफंटा कापलं होतं, पण भाचीनं त्यातून वाट काढली. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला ते नाव दिलं, तो हत्ती आज बेटावर नाहीच. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायला उचलला, तो पडून फुटला, तुकडे मुंबईत आणले आणि पुढे १९१४ मध्ये जोडून उभा केला. भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला तो आहे. जोडाच्या रेषा दिसतात. बेटावर जाऊन जे पाहता आलं नसतं ते आम्ही भायखळ्यात पाहिलं. मग भुयारी मेट्रो, नुसती बसण्यासाठी. ऑक्टोबरमध्येच ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली होती. तीत बसणं हे भाचीच्या यादीत एक 'ठिकाण' होतं, आणि मला ते मान्य आहे. सी लिंक ठिकाण होऊ शकतो तर मेट्रोनं काय पाप केलंय?

आता दाजी, शेवटचं तुमच्याबद्दल. तुमची शाळेची सहल. सी लिंक सोडून दहा ठिकाणं, लाल डबा, दोन दिवस. परवा मी तुम्हाला विचारलं, काय आठवतं? तुम्ही म्हणालात, म्हातारीचा बूट, आणि जुहूला एका पोराची चप्पल वाहून गेली ते. बाकी आठ ठिकाणं लग्नपत्रिकेवर आहेत, डोक्यात नाहीत. आणि २९ ऑगस्ट ते २ सप्टेंबर २०२५? आरक्षणाच्या मागणीसाठी आझाद मैदानावर मनोज जरांगे उपोषणाला बसले, तेव्हा गावच्या टेम्पोतून तुम्ही गेलात. मागणीबद्दल ज्याचं त्याचं मत, तो विषय इथं नाही. पाच दिवसांत तुम्ही एकही ठिकाण पाहिलं नाहीत. पण तेव्हापासून आजतागायत तुमच्या बोलण्यात दुसरा विषय नाही. पावसात ताडपत्री कशी धरली, गावाकडून भाकरी-ठेचा कसा आला, पाण्यासाठी कोणत्या गल्लीत जावं लागलं, कोणत्या इमारतीच्या वॉचमननं आत घेतलं, महापालिकेसमोरच्या रस्त्यावर अंघोळ कशी केली, रात्री स्टेशनात कुठल्या खांबाला टेकून झोपलात. त्या महापालिकेची इमारतही त्याच स्टीव्हन्सची, १८९३ ची. एवढ्या बारकाईनं मुंबई पाहिलेला माणूस आमच्या घरात दुसरा नाही. एकाच ठिकाणी राहिलात, पायी फिरलात, अडचण आली तिथं वाट काढलीत, आणि कुणी तुम्हाला काही दाखवत नव्हतं. माझ्या भाचीनं दोन दिवसांत जे केलं ते याहून निराळं कुठं आहे? तुम्ही चार रात्री ज्या स्टेशनात झोपलात त्याला परतूरच्या रांगेत बसवू नका, दाजी. परतूरच्या फलाटावर तुम्ही कधी झोपला नाहीत, आणि झोपला असतात तरी आम्हाला दोन महिने ऐकावं लागलं नसतं.

हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. बराच वेळ ते अडकित्ता चालवत राहिले. मग म्हणाले, "वाघ कोणत्या खांबावर हाय म्हणली?" भाचीनं मोबाईलमधला फोटो काढून दिला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "इथंच तर आमचे टॉवेल वाळत होते."

मे महिन्यात हैदराबाद ठरलंय. या वेळी दाजीही येणार आहेत. त्यांनी खताच्या बिलामागं चारमिनार, मक्का मशीद, गोवळकोंडा, सालारजंग, बिर्ला मंदिर आणि फिल्म सिटी लिहून ठेवलंय. भाचीच्या वहीत अजून एकच ओळ आहे: काचीगुडा स्टेशन, १९१६. ती वही दाजींनी अजून पाहिलेली नाही.